सलाम कितव्या नंबरला

शांतवनकाका, तुमच्यावर लिहायला पाळकसाहेबांनी मला आपल्या चर्चच्या मंडळीच्या पत्रकातलं अर्धं पान दिलं आहे. अर्धं पान. तुम्हाला साध्या चहापानाच्या सूचनेलासुद्धा तेवढं पुरलं नसतं. "थोडक्यात लिही नीलिमा, संवाद समितीत तूच आहेस," असं वर म्हणाले. मी थोडक्यात लिहून दिलं. जन्म, नोकरी, मंडळीची सेवा, मागे कोण कोण आहे. नाव बदललं तर दुसऱ्या कुणालाही चालेल असा मजकूर झाला आहे. हे जे लिहिते आहे ते निराळं, आणि ते पत्रकात जाणार नाही. काल तुमच्या मातीला मी मागे उभी होते. सगळे रडत होते आणि मला राग येत होता. तो आज दुपारपर्यंत उतरलेला नाही.

राग येण्यासारखं तुम्ही पुष्कळ केलं आहे. आयुष्यभर तारघरात नोकरी केलेला माणूस तुम्ही. लोकांची लग्नं, मयतं आणि बदल्या आठ-दहा शब्दांत बसवून गावोगाव पाठवायच्या, हे तुमचं काम. तिथे केलेली सगळी काटकसर तुम्ही दर रविवारी आमच्याकडून वसूल करायचात. प्रवचन संपलं की मंडळीचे सेक्रेटरी म्हणून तुम्ही उठायचात. खिशातून चष्म्याचं घर, त्यातून चष्मा, चष्म्याखालून घडी घातलेला कागद, आणि त्या कागदात आणखी एक कागद. "प्रभूच्या कृपेने आज सूचना थोड्याच आहेत," असं तुम्ही म्हणालात की मागच्या बाकांवरच्या बायका घरी जाऊन लावायच्या कुकरची काळजी करू लागायच्या.

सुरुवात सलामांनी. आजारपणामुळे, म्हातारपणामुळे, बदलीमुळे ज्याला उपासनेला येता येत नाही त्याने कुणाबरोबर तरी मंडळीला सलाम पाठवायचा. तुम्ही तो नावानिशी वाचायचा आणि सगळ्या मंडळीने एका आवाजात "सलाम" म्हणायचं. एक झाला की पुढचा. नगरहून अमके, सोलापूरहून तमके, वाघोलीहून रत्नामावशी. नुसतं नाव वाचून तुम्ही कधी थांबला नाहीत. यांचा गुडघा आता बरा आहे, त्यांच्या नातीला नोकरी लागली, ह्यांच्याकडे पाणी तीन दिवसांनी येतं. सोलापूरच्या पाण्याचं आम्ही पुण्यात बसून काय करायचं होतं, ते मला आजही कळलेलं नाही.

आणि मग तो रक्ताचा रविवार. आपल्याच मंडळीतली एक बाई बाळंतपणात अडली होती, तिला रक्त हवं होतं, आणि ती सूचना तुमच्या कागदावर चौदावी होती. तेराव्या नंबरला महिला मंडळाचं केकचं प्रदर्शन. चौदावी येईपर्यंत अर्धी मंडळी बाहेर पोचलेली. मी धावत फाटकाशी गेले आणि स्कूटरला किक मारणाऱ्या दोघांना अक्षरशः हाताला धरून हॉस्पिटलात नेलं. बाई आणि बाळ दोघंही सुखरूप आहेत, ते तुमच्या क्रमामुळे नव्हे. संध्याकाळी मी तणतणत कसब्यातल्या तुमच्या घरी आले.

"काका, रक्ताचं आधी का नाही सांगितलं?"

"अगं, क्रमाने येत होतो."

"कुठल्या क्रमाने?"

"कागदावरच्या." आणि काकूंना हाक मारलीत, "अहो, इंजिनिअरबाई आल्यात, चहा टाका. साखर जास्त घाला, चिडलेल्या आहेत."

त्या चहानंतर संवाद समिती निघाली. पाळकसाहेब, तुम्ही आणि मी. मी नव्यानेच हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले होते. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाचं काही बंद पडलं की आमच्याकडे तक्रार यायची, आणि प्रत्येक तक्रारीला नंबर असायचा. एक म्हणजे हातातला घास टाकून पळायचं, चार म्हणजे पुढच्या महिन्यात सवडीने बघायचं. मला वाटलं, जे अमेरिकेला जमतं ते आपल्या मंडळीला का जमू नये. मी चार रकान्यांचा तक्ता छापून आणला. पहिल्यात आजच्या आज ज्यावाचून कुणाचं तरी नुकसान होईल ते. दुसऱ्यात या आठवड्याचं. तिसऱ्यात कळलेलं बरं असं. चौथ्यातलं वाचायचं नाही, नुसतं पत्रकात छापायचं. वाचायच्या सूचना जास्तीत जास्त तीन.

तुम्ही तो कागद तार तपासावी तसा बोट ठेवून वाचलात. शेवटच्या रकान्यावर बोट थांबलं.

"सलाम चौथ्यात?"

"छापू की काका. नावानिशी छापू."

"छापलेल्या सलामाला उत्तर कोण देतं?"

"वेळ वाचतो, काका."

"वाचवून ठेवायचा कुठे?"

पाळकसाहेब खोकले. मग मतं घेतली आणि दोनास एक असा तुमचा पराभव झाला. तुम्ही बशीतला चहा संपवलात आणि म्हणालात, "ठीक आहे. करून बघा." एवढं शहाण्यासारखं तुम्ही यापूर्वी कधीच वागला नव्हतात. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

तक्ता चांगला चालला, हे मी तुम्हाला आजही ऐकवणार. उपासना वेळेवर सुटू लागली. मुलांच्या रविवारच्या शब्बाथ शाळेची वेळ बदलली ती सगळ्यांना एकाच रविवारी कळली. मोफत तपासणीच्या शिबिराला आधी जेमतेम पाच-सहा जण यायचे, तिथे रांग लागली. रक्त लागलं की पहिलं वाक्य रक्ताचं. लोक माझं कौतुक करत होते आणि तुम्ही शेजारी उभं राहून मान डोलवत होतात. सलाम पत्रकाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात. नारायण पेठेतल्या छापखान्यात शुक्रवारी मजकूर द्यायचा म्हणून ज्यांना सलाम पाठवायचा त्यांनी गुरुवारपर्यंत मला फोन करायचा, असं ठरलं होतं. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी केला. मी यादी कॉम्प्युटरवर छान टाइप करून ठेवली.

पुढे काय झालं ते आपल्या दोघांना ठाऊक आहे, पण तुम्ही मला ते कधी नीट बोलू दिलं नाहीत, म्हणून आज बोलते. दर आठवड्याला मी जुनी फाइल उघडायची, वरच्या सूचना बदलायच्या, तारीख बदलायची आणि छापखान्यात द्यायची. सलामांची यादी तशीच. कुणाचा फोन आला तर नाव घालायचं, आला नाही तर आहे ते राहू द्यायचं. नाव काढायचं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. सलाम काढून कशाला टाकायचा? "वाघोलीहून रत्नामावशींचा मंडळीला सलाम, तब्येत बरी आहे." हे वाक्य सलग पाच रविवार छापून आलं.

पाचव्या रविवारनंतर तुम्ही वाघोलीला गेलात. मावशींच्या भाच्याचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, भाचा आणि सूनबाई दोघंही दिवसभर कंपनीत. मावशी पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं, महिनाभर अंथरुणात होत्या आणि फोन बाहेरच्या खोलीत. आपली एवढी मोठी मंडळी, मावशींनी चाळीस वर्षं तिथे गीतं म्हटली, आणि महिनाभर एक माणूस त्यांच्याकडे फिरकलं नाही. कसं फिरकेल? तब्येत बरी असल्याचं आम्ही दर आठवड्याला छापत होतो.

तुम्ही परत आलात ते थेट माझ्या घरी. दारातच म्हणालात, "रत्नामावशींचा सलाम सुबक छापलाय. त्यांना दाखवून आलो. त्यांनाही आवडला." आणि वळून जिना उतरू लागलात. यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्यात तर बरं झालं असतं.

मी तुमच्या मागे रस्त्यापर्यंत आले. तुम्हाला कसं कळलं म्हणून विचारलं. तुम्ही म्हणालात, "मावशी एकच वाक्य दोनदा बोलत नाहीत. पाचदा तर नाहीच." आणि मग, जणू काही पोरासोरांना ठाऊक असलेली गोष्ट सांगावी तसं, "सलाम आला नाही की त्या घरी जायचं असतं."

म्हणजे हा तुमचा क्रम होता. सलाम आधी वाचायचे, म्हणजे कोणाचा आला नाही ते तुम्हाला तिथे उभ्या उभ्या कळायचं, आणि आठवडाभर तुम्ही त्या घरांची फेरी करायचात. गुडघा, नात, सोलापूरचं पाणी, हे सगळं त्यासाठी. तीस वर्षं. आणि हे तुम्ही कुणालाही सांगितलं नव्हतं. पाळकसाहेबांना नाही, पंचांना नाही, समितीच्या बैठकीत माझा तक्ता समोर असताना नाही. मी तिथे रस्त्यात तुमच्यावर ओरडले. म्हटलं, एवढी मोठी व्यवस्था एका माणसाच्या डोक्यात ठेवायची हा शुद्ध अडाणीपणा आहे, आमच्या ऑफिसात अशा माणसाला घरी पाठवतात. लिहून का नाही ठेवलंत? तुम्ही शांतपणे चपलेचा अंगठा नीट करत म्हणालात, "लिहून दिलं असतं तर तू ते कितव्या रकान्यात टाकलं असतंस?"

काका, तुमचं बोलणं तोडणारं होतं आणि खरं होतं, पण चूक निम्मी तुमची होती. ते तुम्ही मरेपर्यंत कबूल केलं नाहीत. संवाद समितीचा सगळ्यात जुना माणूस, आणि महत्त्वाचं तेवढं सोडून बाकी सगळं सांगायचा.

एक गोष्ट मात्र मी मान्य करते. माझे बाबा शेवटचं वर्षभर अंथरुणावर होते तेव्हा त्यांचा सलाम मीच तुमच्याकडे आणून द्यायची. तुम्ही वाचायचात, मंडळी उत्तर द्यायची आणि ते उत्तर मी घरी न्यायची. बाबा उशीवरून मान उचलून विचारायचे, "मोठ्याने म्हणाले का?" मी हो म्हणायची आणि मग ते जेवायचे. हे सगळं स्वतः करून, डोळ्यांनी बघून, चार वर्षांनी मीच सलाम चौथ्या रकान्यात टाकले होते. त्या दिवशी रस्त्यात तुम्हाला हे आठवत नसेल असं मी मानतच नाही. तुम्हाला बाबांच्या औषधांची नावंसुद्धा पाठ होती. एवढं हाताशी असून तुम्ही ते माझ्यावर टाकलं नाहीत. त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. कसे मानायचे तेही मला कळलं नसतं.

मग तडजोड झाली. आधी आजाऱ्यांची नावं, कारण त्यांच्यासाठी प्रार्थना व्हायची असते. मग तातडीचं काही असेल तर ते. मग सलाम, तोंडाने, उत्तरासकट. सगळं मिळून पाच मिनिटं. पाच मिनिटांवर तुम्ही तीन बैठका घालवल्यात, पण शेवटी मानलंत. आणि नाताळ झाल्यावर एका रविवारी तुम्ही घडी घातलेला कागद माझ्या हातात दिलात. "आता तू वाच. माझ्या चष्म्याचा नंबर बदललाय." मला वाटलं, म्हातारा एकदाचा नमला. मी घरी येऊन आईला पेढे आणायला सांगितले, थट्टेत, पण सांगितले.

चष्म्याचा नंबर बदलला नव्हता. डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितलं होतं ते काल मातीनंतर काकूंकडून कळलं. तीन महिने तुम्हाला माहीत होतं. तीस वर्षं तुम्ही ह्या मंडळीतलं प्रत्येक आजारपण वाचलंत, कुणाचं मूतखड्याचं, कुणाचं मूळव्याधीचंसुद्धा, ते बिचारे बाकावर लाल व्हायचे. स्वतःचं मात्र गिळून बसलात. आजाऱ्यांची नावं पहिली वाचायची हे माझ्याशी भांडून ठरवून घेतलंत, आणि तुमचं नाव त्या यादीत एकदाही आलं नाही. काकूंना शपथ घातली होतीत म्हणे. ख्रिस्ती माणसाने शपथ घालू नये हे तरुण संघाला तुम्हीच शिकवायचात.

आता गेल्या शनिवारचं. संध्याकाळी मी ऑफिसातच होते, गिऱ्हाइकाचं काम अडकलं होतं. मोबाइलवर तुमचा मेसेज आला. फोनवर मराठी अक्षरं उमटत नाहीत म्हणून इंग्रजी लिपीत, सगळी मोठी अक्षरं. मंडळीस सलाम. शांतवन. बस, इतकंच.

मी तो वाचला आणि हसले. मला वाटलं, काका नवीन फोन शिकतायत. उद्या स्वतःच तर येणार आहेत, मग सलाम कशाला, माझी फिरकी घेतायत. रविवारी तुम्ही आला नाहीत तेव्हा वाटलं लेकीकडे गेला असाल. यादी भरली होती. पाच मिनिटं होत आली होती. तुमचा सलाम वाचायचा तर तीन-चार वाक्यं बोलावी लागली असती, लोक हसले असते, विचारपूस झाली असती. मी तो पुढच्या रविवारसाठी ठेवला. गुरुवारी सकाळी तुम्ही गेलात.

ज्या माणसाने आयुष्यात कधी तीन शब्दांत काही सांगितलं नाही, त्याचा तीन शब्दांचा निरोप आला होता. आपल्याकडे तार आली की ती उघडायच्या आधी बायका रडायला लागायच्या, हे तुम्हीच मला किती वेळा सांगितलं आहे. मी हसले. तुमच्या हयातीतला मंडळीला पाठवलेला तुमचा पहिला सलाम, कारण त्याआधी तुम्ही कधी गैरहजरच नव्हतात, आणि मी त्याला नंबर चार दिला. पण काका, "हॉस्पिटलात आहे" हे दोन शब्द जास्त टाकले असतेत तर काय बिघडलं असतं? मी घास टाकून आले असते. तुम्हाला ते माहीत होतं. बहुतेक म्हणूनच टाकले नाहीत.

आज सकाळी काकूंकडे जाऊन आले. त्या तुमचे कपडे घडी करत होत्या. त्यांनी आपणहून सांगितलं. रविवारी दुपारी तुम्ही औषधाच्या गुंगीतून जागे झालात आणि विचारलंत, "वाचला का?" काकू तर तुमच्या उशाशी, चर्चला त्या गेल्याच नव्हत्या. तरी म्हणाल्या, वाचला. "मंडळी काय म्हणाली?" काकू म्हणाल्या, मोठ्याने सलाम म्हणाली. मग विचारलंत, "कितव्या नंबरला वाचला?"

काकूंना वाटलं, माणसाचं मन राखावं. त्या म्हणाल्या, "पहिलाच. सगळ्यात आधी तुमचा."

आणि तुम्ही चिडलात. "पहिला? आधी आजाऱ्यांची नावं नाही वाचली? एवढं भांडून ठरवलं होतं. त्या पोरीला अजून क्रम कळत नाही." काकू सांगता सांगता हसल्या आणि मग पदर डोळ्यांना लावून रडल्या. म्हणाल्या, त्यानंतर तुम्ही अर्धा तास माझ्यावर बडबडत होतात आणि बरेच दिवसांनी तुमचा आवाज तेवढा मोठा निघाला होता. मग त्यांनी मला विचारलं, "वाचला होतास ना गं?"

मी हो म्हटलं.

म्हणजे जी चूक मी केली नव्हती तिच्यासाठी तुम्ही मला बोल लावलात, आणि जी केली ती तुम्हाला कळलीच नाही. सकाळपासून माझं डोकं तिथेच अडकलं आहे. काकूंनी तुमच्याशी खोटं बोलून तुम्हाला सुखाने जाऊ दिलं, ते त्यांना शोभलं. मी काकूंशी बोलले ते खोटं फक्त माझ्या सोयीचं होतं. उद्या रविवार आहे. काकू पुढच्या बाकावर असतील. पाळकसाहेबांनी सुचवलं, सूचनांच्या सुरुवातीला तुमची आठवण काढावी, दोन मिनिटं उभं राहावं. मी त्यांना सांगितलं, सुरुवातीला नाही. आधी आजाऱ्यांची नावं. चार आहेत. मग रत्नामावशींना वॉकरसकट चर्चला आणायला गाडी हवी आहे, ती सूचना. मग तुम्ही. ह्या क्रमावर तरी आता भांडू नका.

मजकूर असा लिहिला आहे: "शांतवनकाकांनी गेल्या शनिवारी मंडळीला सलाम पाठवला होता. तो गेल्या रविवारी वाचायचा होता. मी वाचला नाही. काकूंना मी वाचला म्हणून सांगितलं, तेही खरं नव्हतं. काकांचा सलाम आज वाचते."

तुमच्या तारघराच्या सवयीने मी दुपारभर बसून ह्यातले शब्द कमी करता येतात का ते पाहिलं. काकूंचं वाक्य चार वेळा खोडलं. चारही वेळा परत लिहावं लागलं.